गिरणीवरची हाक

प्रिय आत्याबाई,

‘प्रिय’ वाचूनच तुम्ही नाक मुरडलं असणार. ‘कावून गं, काय पायजेल?’ असंच विचाराल. गोड बोलणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, हा तुमचा जन्मभराचा संशय! पण आज मला काही मागायचं नाही. सुनेनं सासूला, तेही तिच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पत्र लिहायला बसावं, असं काल आपल्या मांडवात घडलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

तुम्ही गेलात आणि मामंजी मुके झाले, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? उभा जन्म पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याशेजारी काढलेला माणूस. त्या धडधडीनं कान केव्हाच नेले होते. तुमच्या धाकट्यानं, माझ्या नवऱ्यानं, ऐकायचं मशीन आणलं, ते डबीतच राहिलं. आम्ही कानाशी जाऊन ओरडायचो, ते आमच्या तोंडाकडं बघून मान हलवायचे. त्यांना ऐकू यायचा तो एकच आवाज, तुमचा. तो थांबला आणि गिरणीला कुलूप लागलं. लोक दळण घेऊन चकलांब्याला जायला लागले. मामंजी ओट्यावर बसून त्या पिशव्या जाताना बघायचे.

मी जिल्हाभर भाषणं करते. हुंड्यावर बोलते, पोरींच्या शाळेवर बोलते, समोर आमदार असो की तहसीलदार, आवाज खाली येत नाही. आणि माझ्याच घरातल्या एका म्हाताऱ्या माणसापर्यंत तो आवाज वर्षभर पोचत नव्हता! याचा राग मी कुणावर काढायचा होता?

माझ्या लग्नानंतरची पहिली नागपंचमी आठवते का? मारुतीच्या देवळामागं बायकांचे फेर झाले, फुगड्या झाल्या, आणि मग सासू-सुनेचं सोंग काढायची वेळ आली. शेजारच्या शेवंताकाकूंनी मला ढकललं, ‘नव्या नवरीनं सासू व्हायचं!’ मी झाले. आणि झाले ती तुम्हीच. तुमची ती झपाझप चाल, दोन्ही हात कमरेवर, मिसरीची बोटं तोंडात, आणि त्याच तोंडानं शेवंताकाकूंना झाडणं. बायका पोट धरून हसल्या. मग कुणाचं तरी लक्ष गेलं की तुम्ही पिंपळाखाली उभ्या आहात. हसणं जागच्या जागी मेलं.

मला वाटलं, संपलं. आजच माहेरची वाट.

तुम्ही सगळ्यांतून पुढं आलात आणि म्हणालात, ‘चुकलं. उजवा हात माझा मोकळा असतोय. डाव्या कमरंवर घागर वाहिली म्या, तिकडंच हात जातोय. परत कर.’

आणि मला परत करायला लावलंत! सगळ्या गावासमोर!

त्या दिवशी जेवताना तुम्ही तुमच्या धाकट्याला विचारलंत, ‘ह्या सोंगाचं कालेज असतंय का रं कुठं?’ तो म्हणाला, विद्यापीठात असतं, नाट्यशास्त्र म्हणतात, त्यात रेडिओ आणि कॅमेराही शिकवतात. थोरल्या भाऊजींच्या हातातला घास तसाच राहिला. ‘नाटकाची डिग्री? घरची सून नाचाया धाडायची? लोक काय म्हनतेल?’

तेव्हा भाऊजींचं राजकारण ऐन भरात होतं. सकाळी एका पक्षाचा गमछा, संध्याकाळी दुसऱ्याचा. तुम्ही त्यांच्या ताटात भाकरी टाकलीत आणि म्हणालात, ‘आरं, गावात नाटकं करनारे बिनशिकल्याले लई झालेत. एक शिकून करू दे की!’

आत्याबाई, मी पुढं कितीतरी पुस्तकं वाचली, मोठमोठे विचारवंत वाचले. पण स्त्रीच्या शिक्षणाच्या बाजूनं याहून धारदार वाक्य मला कुठं सापडलं नाही.

विद्यापीठातले पहिले दिवस मी तुम्हाला फोनवर सांगायचे, आणि तुम्ही हसायचात. ‘आज काय शिकिवलं?’ मी सांगितलं, जमिनीवर उताणं झोपून पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. ‘अगं बाई! झोपाया शिकाया इतक्या लांब गेलतीस व्हय?’ मग मी सांगितलं, आज सगळ्यांनी झाड व्हायचं होतं. ‘कशाचं?’ मी म्हटलं, बाभळीचं झाले. तुम्ही म्हणालात, ‘बराबर. तुला तेच जमंल.’

लोक आजही मला विचारतात, नाटक शिकून काय होतं? मी त्यांना भर सभेत सांगते, ज्याला दुसऱ्याच्या जागी उभं राहता येत नाही, त्यानं राज्य करू नये, न्याय करू नये आणि सासूसुद्धा होऊ नये! टाळ्या पडतात. पण हे मला कळलं कसं, ते टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नाही. ते तुमच्यामुळं कळलं.

पहिल्याच वर्षी आम्हाला एक काम दिलं होतं. एक माणूस नीट बघायचा आणि वर्गात उभा करायचा. कुणी दारुडा आणला, कुणी बस स्टँडवरचा भिकारी. मी तुम्हाला आणलं, डाव्या कमरेवरच्या हातासकट. वर्ग हसून लोळला. आमच्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘नक्कल छान आहे. पण तू त्यांना लोकांपुढं टाकून हसवते आहेस. त्या एवढ्या मोठ्यानं का बोलतात, तुला माहीत आहे?’

मला माहीत नव्हतं! एका छपराखाली राहून मला माहीत नव्हतं. मी समजत होते, बाई भांडकुदळ आहे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी आपल्या गिरणीत येऊन बसले, पीठ डोक्यावर घेत. पट्टा फिरतोय, पत्रा थरथरतोय, आणि तुम्ही दारात उभं राहून ज्याच्या त्याच्या दळणावर नजर ठेवताय. मामंजींना हाक मारायची होती म्हणून मी घसा ताणला. त्यांनी वळूनही बघितलं नाही. तुम्ही माझ्याहून हळू बोललात आणि त्यांनी लगेच मान वर केली! मी चक्रावले. तुम्ही म्हणालात, ‘वरडून काय उपेग? गिरणी खालच्या सुरात बोलती. आपुन तिच्या वरनं बोलायचं.’

मग मला दिसलं. तुम्ही भांडत नव्हता. तुम्ही त्या माणसाशी बोलत होता. गिरणी बंद असली, घर शांत असलं, तरी तुमचा आवाज तिथंच, त्या उंचीवर राहिला होता. तिथंच तो त्यांना सापडायचा. गाव ज्याला तोंडाळपणा म्हणत होतं, तो तुमचा संसार होता, आत्याबाई.

पुढं रेडिओच्या पेपरसाठी मी रेकॉर्डर घेऊन आले. तुम्ही तो बघितलात आणि तोंडावर पदर घेतलात. ‘माझा आवाज डबीत भरू नगंस.’ मी विनवलं, चिडले, रुसले. शेवटी चोरून चालू केला, तर तुम्ही नेमक्या तेव्हाच गप्प! त्या रेकॉर्डिंगमध्ये नुसती गिरणी आहे, आणि मध्ये एकदा तुमचा खोकला. एवढा कसला हट्ट? एक हाक तरी ठेवायची होती की मागं! मामंजींना ऐकवली असती. याबद्दल मी तुमच्यावर अजून थोडी रागावलेली आहे, हे स्पष्ट सांगते.

पण माझ्या नाटकाच्या परीक्षेला मात्र आलात. तुमच्या धाकट्याबरोबर, ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन, विभागाच्या छोट्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसलात. मी रंगमंचावर तुम्ही होऊन गिरणीच्या दारात उभी होते. नुसता रिकामा मंच, पण मी त्या न दिसणाऱ्या गिरणीच्या वरून बोलत होते. शेवंताकाकूंच्या बारीक दळणावरून त्यांना झाडत होते. आणि तुम्ही खालून ओरडलात, ‘आन् माझी चाळणी कवा देती, ते बी इचार तिला!’ नाट्यगृहात हशा फुटला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागदावरून डोकं वर काढून विचारलं, ‘या कोण?’ मॅडम म्हणाल्या, ‘ज्यांचं सोंग चाललंय, त्याच.’

मग मागच्या साली तुम्ही गेलात. झोपेतच. उभ्या आयुष्यात आवाज न करता केलेलं तुमचं हे एकच काम.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. सरण पेटलं नाही पेटलं, तोच पुढारी श्रद्धांजलीला उभे राहतात. त्या दिवशी मला कुणी बोलायला उठवलं नाही, आणि मला बोलणं जमलंही नसतं. पण काल वर्षश्राद्धाला भाऊजींनी मोठा मांडव घातला होता. कीर्तन ठेवलं, माइक आणला, आणि तुमचा आधारकार्डावरचा फोटो एवढा थोरला करून बॅनर लावला. त्या फोटोत तुम्ही कुणाला तरी घाबरलेल्या दिसता. तुम्ही! खाली लिहिलं होतं, ‘वात्सल्यमूर्ती’. एक पुढारी उठले आणि म्हणाले, ‘आक्का अतिशय मितभाषी होत्या.’ बायकांच्या बाजूला पदर तोंडात गेले. दुसरे म्हणाले, कधी कुणाला दुखावलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंतपणी तोंडाळ म्हणायचं आणि मेल्यावर गुळाची बाहुली करायची! खऱ्या बाईची एवढी भीती वाटते का यांना?

मामंजी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. माइकवरचं त्यांना नुसतं घोंघों ऐकू येतं. नजर जमिनीकडं.

माझं नाव पुकारलं. भाऊजी कानाशी येऊन म्हणाले, ‘शारदा, दोन शब्द गोड बोल. जास्ती पेटू नको.’

मी माइक बाजूला सरकवला. पदर खोचला. डावा हात कमरेवर गेला, उजवा मोकळा राहिला. विद्यापीठाच्या जमिनीवर उताणं पडून घ्यायला शिकले होते तो श्वास घेतला, आणि गिरणीच्या वरून, तुमच्या त्या ठिकाणाहून हाक मारली,

‘आवं! दळण उतरा की! पट्टा सुटायलाय!’

मामंजींची मान वर आली.

‘आलो, आलो! कावून वरडायलीस?’

म्हणाले आणि उठून उभे राहिले. खुर्ची मागं पडली. ते दोन पावलं आले, मला बघितलं, बॅनरवरच्या फोटोला बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं.

आत्याबाई, त्या क्षणी मी जेवढी घाबरले, तेवढी कुठल्या सभेत घाबरले नव्हते. वाटलं, काय केलंस हे? बायको गेल्याचं दुःख तू या माणसाला दुसऱ्यांदा दिलंस? जिल्हाभर भाषणं करणारी मी, नुसती उभी!

मामंजींनी डोळे पुसले. खुर्ची कुणीतरी सरळ केली होती, तिच्यावर बसले. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘मंग? थांबलीस कावून? बोल की फुडं!’

मग मी बोलले. तुमच्यासारखी बोलले. पुढाऱ्यांना झाडलं, भाऊजींच्या दोन गमछ्यांना झाडलं. चाळणी मागितली, तर शेवंताकाकू बायकांतून उठून ओरडल्या, ‘आगं भवाने, कवाच दिलती!’ आणि म्हणता म्हणता रडायला लागल्या. लोक हसत होते, डोळे पुसत होते, आणि एकमेकांना तुमच्या शिव्या सांगत होते. मितभाषी म्हणणारे पुढारीसुद्धा सांगत होते, की लहानपणी तुम्ही त्यांना गिरणीतून कान धरून बाहेर काढलं होतं! महाराजांना कीर्तन उरकतं घ्यावं लागलं.

जेवणाच्या पंगती उठल्यावर भाऊजी माझ्याजवळ आले. ‘तुझ्या नाटकाचा उपेग झाला म्हनायचा,’ असं म्हणाले आणि पत्रावळ्या उचलायला गेले. एवढंच. पण भाऊजींच्या मानानं हे पूर्ण भाषण होतं, नाही का?

आणि आज सकाळी मामंजींनी किल्ली मागितली. पट्टा तपासला, जात्याच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी घातली, दार उघडलं. पहिलं दळण शेवंताकाकूंचं! मी न्याहारीला बोलवायला गेले, तुमच्याच उंचीवर हाक मारली. ते वळले, माझ्याकडं जरा वेळ बघितलं, आणि तुमच्यासारखंच म्हणाले, ‘चुकलं. ती आदी दारात तांब्या आपटायची. मंग हाक.’

म्हणून तुम्हाला वचन देते. तुम्हाला गोड करणार नाही, कुणी केलं तर त्याचं भाषण मध्येच थांबवेन. वर्ष सरलं, आपल्या घराचे सण मोकळे झाले, तेव्हा येत्या पंचमीला मारुतीच्या देवळामागं सासूचं सोंग मीच काढणार. आणि मामंजी आहेत तोवर या घरात त्यांना ऐकू येईल अशी हाक रोज मारली जाईल.

आता थांबते. गिरणीवर गर्दी आहे, ज्वारीच्या पिठाचा वास इथवर येतोय, आणि जेवायची वेळ झाली आहे.

तांब्या घेते.

तुमची धाकटी सून,
शारदा