सर, त्या शुक्रवारी पाणी दिलं नव्हतं

प्रिय देवरे सर,

पावणेदोन वाजलेत. डबा बाजूला सारून बसलेय. तीन वाजता चौकशी आहे आणि तिथे मला दोन ओळी लिहून द्यायच्यात. काय लिहायचं तेही लॅबच्या साहेबांनी सांगून ठेवलंय. त्याआधी तुम्हाला लिहितेय, कारण सगळं तुमच्या सहीवर येऊन थांबलंय आणि तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले.

तुम्हाला काहीच माहीत नसणार. तुम्ही रविवारी पहाटे गेलात. मंगळवारी आम्ही तीन नंबरच्या मशीनला आपला जुना कॉलम लावला. पंप सुरू केला आणि प्रेशर चढायला लागलं ते थांबेचना! लाल दिवा, शिट्टी, मशीन बंद. कॉलमच्या आत क्षार बसून तो पार चोंदला होता. गोळ्यांच्या दोन बॅचेस तपासणीवाचून अडकल्या. कॉलमच्या वहीत मात्र त्याआधीच्या शुक्रवारी सगळं कसं छान लिहिलेलं: पाणी चाळीस मिनिटं, मग मिथेनॉल तीस मिनिटं. धुणाऱ्याची सही माझी. तपासणाऱ्याची तुमची.

माझा पहिला दिवस आठवतो? मी कॉलम उलटा लावला होता! वीतभर स्टीलची नळी, आत दाबून भरलेली बारीक पावडर, तिच्यातून औषधाचं द्रावण गेलं की एकेक घटक वेगळा होऊन बाहेर येतो, एवढं मी पाठ करून आले होते. नळीवर बाण असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "मॅडम, हा बाण काय शोभेला काढलाय?"

मग तुम्ही शिकवलंत. आधी बोटांनी आवळायचं, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळून गळतंय का बघायचं. नवा कॉलम असेल तर दुसरं टोक आधी बीकरमध्ये सोडायचं, डिटेक्टरला नंतर जोडायचं. मी जोडायला धावले की तुमचं ठरलेलं, "घाई कसानी शे?" सटाण्याची बोली तुम्ही दोनच वेळी काढायचात, घरी काकूंशी फोनवर बोलताना आणि मला झापताना.

आणि वही! एकदा मी व्हाइटनर लावलं, तर ती बाटली तुम्ही माझ्यासमोर कचऱ्यात टाकलीत. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. "चुकलं ते दिसू द्या," म्हणालात. मी आठवडाभर फुगून बसले होते.

आता खरं सांगते. त्या शुक्रवारी मी पाणी दिलंच नव्हतं.

बफर, म्हणजे क्षार घातलेलं पाणी, वापरल्यावर आधी साधं पाणी, मगच मिथेनॉल. सरळ मिथेनॉल सोडलं तर क्षार आतल्या आत गोठतो. हे मी झोपेतही सांगेन. पण पाच वाजून गेले होते, कंपनीची बस साडेपाचला सुटते, आणि देवळ्याहून नणंद आली होती. एवढंच कारण! कुणी आजारी नव्हतं, काही नाही. मी दहा मिनिटं मिथेनॉल सोडलं, वहीत रोजचे आकडे लिहिले आणि बस पकडली. गंगापूर रोडला उतरून भेळेचं सामानसुद्धा घेतलं.

शनिवारी सकाळी तुम्ही वही घेऊन माझ्याकडे आलात. पेन हातात होतं. "मनीषा, पाणी दिलं होतं ना?"

मी म्हणाले, "हो सर."

तुम्ही सही केलीत. आपलं ते शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी फोन आला आणि मी तशीच चपला घालून तुमच्या घरी निघाले.

सर, मला तुमचा रागही येतो. कॉलम धुऊन निघालेलं सगळं जिच्यात जमतं ती वेस्टची बाटली का नाही बघितलीत? ती निम्मीसुद्धा भरली नव्हती! त्या जुन्या पंपात काही नोंद राहत नाही, मग बाटली तरी बघायची! दुसऱ्या कुणाची असती तर तुम्ही बघितलीच असती. माझी म्हणून सोडलीत. एवढा विश्वास ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

साहेब वाईट नाहीत. काल त्यांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, सही सरांची आहे. तुम्ही एवढंच लिहा की वॉश सर देणार होते, तुम्ही फक्त वही भरली. सरांना आता काय होणार? तुमची नोकरी वाचेल, फाइल बंद." मी नाही म्हणाले नाही. मान हलवली. कशी हलवली, तेही धड आठवत नाही.

काकू परवा तुमचं सामान न्यायला आल्या होत्या. चष्मा, डबा, तो पाना. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंच होतं. पाना हातात धरून मला विचारलं, "त्यासनी चूक शे का वं?"

आणि मी काय म्हणाले असेन? "चहा घेता का, काकू?"

त्या नको म्हणाल्या आणि निघून गेल्या. आज सकाळी कॉलम लावताना पाव फेऱ्याचा अर्धा फेरा झाला.

तुम्ही विचारलं होतंत, हे जगात फक्त मला माहीत आहे. मी गप्प बसले तर तुम्ही न बघता सही ठोकणारे म्हणून कायमचे त्या फाइलमध्ये राहाल. भीती वाटते, सर. नोकरी जाईल. घरी काय सांगू? बसमध्ये लोक काय बोलतील?

अडीच वाजले. वही तिथे टेबलावरच असणार आहे. वचन देते, सगळ्यांसमोर ती मागून घेईन. 'पाणी चाळीस मिनिटं' यावर एकच रेघ मारीन, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहीन: पाणी दिलं नव्हतं, सरांनी विचारलं होतं, मी खोटं बोलले. सही, तारीख. तुमच्या सहीला हात लावणार नाही.

आणि संध्याकाळी साडेपाचच्या बसने घरी जाणार नाही. काकूंकडे जाईन. त्यांनी विचारलेल्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

तुमची,
कॉलम उलटा लावणारी मनीषा