एक वीसची शिट्टी

रविवार, १७ मार्च

ति. ताईस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही तिघंही ठीक आहोत. तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींना माझा नमस्कार सांग. तू वर्षातून दोन ओळी पाठवतेस, त्यात भाचीला आशीर्वाद असतो, माझी चौकशी नसते. तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या दोन ओळीही मी जपून ठेवतो.

आज मात्र मोठी बातमी आहे. टोमॅटोच्या शेताच्या बांधाला संडास झाले. दोन, पक्क्या भिंतींचे, आतून कडी लागणारे. बाहेर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि शेजारी जेवायला बसण्यापुरती पत्र्याची शेड. दुसरा कोणी असता तर हसला असता, की माणूस संडासाबद्दल इतक्या हौसेने लिहितो. तू हसणार नाहीस. सकाळी सहापासून दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोट न घेता सरीत वाकून तोडणी करणं काय असतं, ते तुला कोणी सांगायला नको.

हे सगळं तुझ्या भाचीमुळे झालं. वीस वर्षांची झाली आता. दोन हंगामांपासून तोडणीला जाते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एकाच आठवड्यात चार बायकांना एकच सल्ला दिला, पाणी भरपूर प्या. त्या चौघींत एक तुझी भावजय होती. कन्या सोबत गेलेली. म्हणाली, "बाई, पाणी लिहून दिलंत, आता जायचं कुठे तेही लिहून द्या." घरी आली तीच म्हणत, "बाबा, रविवारी अंगणात बायका येणार आहेत, चहा तुम्ही करायचा."

पहिल्या रविवारी पाचजणी आल्या, सहाव्या रविवारी एक्केचाळीस. पुरुषही यायला लागले, आधी चहासाठी, मग बोलायला. बेत साधाच होता. जेवणाची सुट्टी संपली की उठायचं नाही. मालक येऊन बोलेपर्यंत जागेवर बसायचं.

तेव्हा घाईमावशी बोलली. ती तुला आठवत असेल, कायम धावतपळत असते म्हणून तिचं ते नाव पडलं. म्हणाली, "बसू गं पोरी, बसायला काय जातंय? पण शिट्टी वाजली की?"

आमच्या अंगातच ते भिनलंय, ताई. शिट्टी वाजली की पाय आपोआप सरळ होतात, डोकं मागून विचार करतं. तुझ्या वेळी काय झालं, तेही जुन्या माणसांना आठवत होतं. पण कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची माणुसकी.

कन्या म्हणाली, "मग सराव करू. बाबा, शिट्टी आणा."

असा सराव जगात कुठे झाला नसेल. चाळीस माणसं अंगणात मांडी घालून बसलेली आणि मी, त्यांचा मुकादम, शिट्टी वाजवतोय, ती कशासाठी, तर त्यांनी उठू नये म्हणून. पहिल्या शिट्टीला सगळेच्या सगळे उभे! एकमेकांकडे बघून असे हसले, की शेजारचा म्हातारा काय झालं म्हणून काठी टेकत आला. दुसऱ्या वेळी निम्मे उठले. महिन्याभरात सगळे बसायला शिकले, घाईमावशी सोडून. ती दर वेळी उठायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची. शेवटी तुझी भावजय म्हणाली, "हिच्या मांडीवर भरलेलं कॅरेट ठेवा."

ठरलेल्या दिवशी खरंच ठेवलं. वीस किलो टोमॅटो मांडीवर घेऊन घाईमावशी सगळ्यांच्या पुढे बसली.

मी सकाळी देवापुढे हात जोडले, पण काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

दीड वाजला. मॅनेजर बांधावर उभा होता. म्हणाला, "मुकादम, वाजवा." मी वाजवली, छातीतला सगळा वारा घालून. एकही माणूस हललं नाही. इतक्या जोरात वाजवलेली शिट्टी इतकी फुकट जाताना मी कधी पाहिली नव्हती. मग मी गळ्यातून दोरी काढली, शिट्टी मॅनेजरच्या हातात दिली आणि सगळ्यांत जाऊन बसलो.

तो चिडला. त्याने स्वतः वाजवली.

आणि ताई, मी उठलो! एवढ्या माणसांत मी एकटा. सराव सगळ्यांनी केला होता, पण मी कायम वाजवणारा, माझा सराव कुणी घेतलाच नव्हता. कन्येने मागून शर्ट ओढून मला खाली बसवलं. घाईमावशी ओरडली, "याच्या मांडीवर पण एक कॅरेट ठेवा गं!" मग जो हशा पिकला, त्यात आमची भीती गेली. ट्रक घेऊन आलेला ड्रायव्हरसुद्धा हसत होता. मॅनेजरने शिट्टी सरीत भिरकावली आणि फोन लावत निघून गेला.

पाचला मालक आला. उन्हात टोमॅटो पिकत होते आणि ट्रक रिकामा उभा होता, त्याला फार वेळ घालवून चालणार नव्हतं. कन्येने सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं, त्याने उभ्या उभ्या सही केली. दोन महिन्यांत भिंती उभ्या राहिल्या. मुकादमकी मात्र गेली. आता मी कॅरेटं उचलतो. खांदे दुखतात, झोप छान लागते.

इथवर लिहून चहा पिऊन आलो. पत्र इथे संपवता आलं असतं.

वीस वर्षांपूर्वी तू तेवीस बायकांना घेऊन ह्याच बांधावर बसलीस. मागणी हीच होती. मी शिट्टी वाजवली, सगळ्याजणी उठल्या, आणि उभं राहिल्यावर पुन्हा बसायचं धाडस कोणाला झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुला कामावरून काढलं. मी तुला म्हणालो होतो, "ताई, सवयीने वाजली." तू "बरं" म्हणालीस आणि पिशवी उचललीस.

सवयीने नव्हती वाजली. मी घड्याळ पाहिलं होतं. एक वीस झाले होते. सवय दीडची होती. मॅनेजर लांब उभा होता, त्याने एक शब्दही काढला नव्हता. पोर तीन महिन्यांची होती, राहती खोली मालकाची होती, आणि मला भीती वाटली. तुम्ही दीडपर्यंत बसलात तर मग उठणार नाही, हे मला तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून तुम्ही बेसावध असतानाच मी दहा मिनिटं आधी वाजवली.

सरावाच्या पहिल्या रविवारी, सगळे गेल्यावर, मी हे कन्येला सांगितलं. तिने हातातला कप विसळून ठेवला. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? आत्याला सांगा." मला तीन महिने लागले.

आता निरोप. संडासांचं उद्घाटन व्हायचंय, आणि ते तुझ्या हातून व्हावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तू येईपर्यंत कोणी वापरायचे नाहीत, असं एकीने सुचवलं, तर घाईमावशी म्हणाली, "ती यायला आठवडा लावेल, मला एवढा दम नाही." त्यामुळे वापर सुरू झालाय, उद्घाटन तेवढं राहिलंय. दर रविवारी आम्ही अंगणात असतोच. चहा अजून मीच करतो.

शिट्टी घाईमावशीला दुसऱ्या दिवशी सरीत सापडली. धुऊन, पुसून या पाकिटात घातली आहे. आता कामाची वेळ शेडमधल्या घड्याळावर चालते, शिट्टीची गरज कुणाला नाही. तू ठेव. ये किंवा येऊ नकोस, रागावलीस तरी तो तुझा हक्क आहे. पण कधी वाटलं, तर स्टँडवर उतरून एकदा वाजव. मी उठेन, आणि कोणी कितीही शर्ट ओढला तरी खाली बसणार नाही.

तुझी वीस वर्षं आणि दहा मिनिटं देणं लागणारा,
तुझा धाकटा