मागच्या खोलीतला वारा

५ जानेवारी
सासरे रविवारी महिनाभरासाठी येणार. त्यांना छातीचा त्रास. मागच्या खोलीत गार वारा घुसतो, म्हणून सुताराला बोलवू या, असं बायकोचं टुमणं. हाणून पाडलं. फटी बुजवायला सुतार? उद्या पेन्सिलीला टोक काढायलाही बोलवा! मेव्हण्याचं म्हणणं, बाबांना माझ्याकडेच ठेवा, तुमच्याकडे हीटर दिवसभर चालूनही हुडहुडी भरते. हिला बाबा इथेच हवेत. मलाही हवेत, निदान मेव्हण्याची जिरवायला.

६ जानेवारी, संध्याकाळी ६
संशोधन. मेणबत्ती घेऊन खिडकीच्या कडेकडेने फिरलो. ज्योत हलली की फट. एकूण अकरा. शास्त्र आहे हे. पडदा थोडा जळला. जुनाच होता.

७ जानेवारी
दुकानदार विचारतो, खिडकी लावल्यावर फट किती उरते ते मोजलंय का? म्हटलं, मोजमापं नवशिक्यांनी घ्यावीत. पातळ पट्टी गळ्यात मारत होता. सगळ्यात जाड फोम उचलला.

८ जानेवारी
फोम चिकटवला. काम फर्स्ट क्लास. फक्त खिडकी लागत नाही. आधी फटीत नख जेमतेम जायचं, आता बोट जातं. फोम नवा आहे, दबेल. लेक म्हणाली, बाबा, फोम काढला तर? आठवीत काय गेली, लागली शिकवायला! अभ्यासाला बसवली.

९ जानेवारी
दबला नाही. तावदानं नाडीने आवळून बांधली. पायजम्याचीच नाडी का, म्हणून बायकोची कटकट. या घरात कामाची कदर नाही.

१२ जानेवारी, सकाळी ७
सासरे काल आले. कानटोपी, मफलर, दोन ब्लँकेटं, हीटर फुल्ल. तरी रात्रभर खोकले. मुळात प्रकृतीच तोळामासा, त्यात खिडकीचा काय दोष? मेव्हण्याचा फोन आला, उद्या संध्याकाळी न्यायला येतो. फोन ठेवून ही मोरीत जाऊन रडली. नळ सोडला होता, तरी कळलं. वाईट वाटलं. थोडंथोडकं नाही, चांगलंच.

१३ जानेवारी
ऑफिसातून आलो तर खोलीत सुतार! हिने परस्पर बोलावलेला. सगळा फोम खरवडला, पातळ पट्टी लावली, बिजागरीचे स्क्रू आवळले. अर्धा तास. खिडकी घट्ट बसली. हीटर बंद केला तरी खोली उबदार. सासऱ्यांनी मफलर काढला. हिने भावाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

जाताना सुताराने हसत हसत विचारलं, एवढा जाड फोम कुठल्या गाढवाने लावला होता? मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ही शांतपणे म्हणाली, आधीच्या भाडेकरूने. लेकीने तोंड उघडलं, तिला हिने चहा टाकायला पिटाळलं. सासरे खिडकीबाहेर बघत राहिले.

मी म्हटलं, काही लोकांना अक्कलच नसते हो.