पक्ष : कोणताही नाही

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार, आइंडहोवन, नेदरलँड्स

मतपत्रिका आली. दाराच्या फटीतून चटईवर पडली, सुपरमार्केटच्या जाहिरातीबरोबर. मी जवळजवळ जाहिरातीसकट रद्दीच्या पेटीत टाकली होती.

नाव : नीलांबरी टिल्मन. पत्ता : बाबांचं घर, पेनसिल्व्हेनिया. बाबा गेले त्याला दीड वर्षाच्या वर झालं. घरही विकलं. पण कायद्यानं माझा अमेरिकेतला शेवटचा पत्ता तोच, म्हणून मत तिथलंच. कागदोपत्री मी अजून त्या घरातच राहते. बाबांच्या शेजारच्या खोलीत.

पक्षाच्या रकान्यात — कोणताही नाही. बाबांचंही तेच होतं.

श्रीनिवास कांदा चिरत होता. म्हणाला, "या खेपेला तरी तुला डोकं खाजवायला नको. यंदाची उमेदवार म्हणजे जवळजवळ तूच आहेस की."

अर्धी काळी, अर्धी भारतीय. हो, जवळजवळ मीच. तो कौतुकानंच म्हणाला. मला हसू आलं नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

पाकीट अजून स्वयंपाकघरातल्या टेबलावर. उघडून पाहिलं, परत ठेवलं. परदेशात कायमचं राहणाऱ्यांना छोटी पत्रिका मिळते. तीनच चौकटी — राष्ट्राध्यक्ष, सिनेट, प्रतिनिधिगृह. पाच मिनिटांचं काम.

आज पाचवा दिवस.

टेबलाशी बसलं की बाबा समोर बसलेत असं वाटतं. भास नाही म्हणता येणार. काही दिसत नाही, ऐकू येत नाही. फक्त समोरची खुर्ची रिकामी वाटत नाही. आज सकाळी मी त्या खुर्चीवर पिशवी ठेवायला गेले आणि ठेवली नाही. जमिनीवर ठेवली.

मत द्यायला जाताना बाबा शर्टाला इस्त्री करायचे. साध्या शाळेतलं केंद्र, घरापासून दोन मिनिटांवर, तरी इस्त्री. मी बाविसाव्या वर्षी शिकायला त्यांच्याकडे गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याआधीचे बाबा मला पुण्यातलेच आठवतात. पिंपरीच्या कारखान्यात मशीन बसवायला सहा महिन्यांसाठी आले, आईशी लग्न केलं, अकरा वर्षं राहिले. मी आठ वर्षांची असताना परत गेले. एकटेच.

त्या इस्त्रीच्या दिवशी त्यांनी आजीचं सांगितलं. अलाबामा, बाबा दहा वर्षांचे. आजी मतदार म्हणून नाव लावायला कोर्टात गेली. तिसरी खेप. कारकून म्हणाला, तू भली बाई आहेस असं सांगणारा मतदार घेऊन ये. त्या भागात एकाही काळ्या माणसाचं नाव यादीत नव्हतं. आणि गोऱ्यांपैकी कुणी येणार नव्हतं. आजी बाहेर आली, पायरीवर बसून बूट काढले, पाय चोळले आणि बाबांना म्हणाली, चल. पुढच्या वर्षी त्यांनी अलाबामा सोडलं.

"म्हणून मी कुणाला मत देतो ते सांगत नाही," बाबा म्हणाले. "पण देतो."

६ ऑक्टोबर, रविवार

भोंडला. मंडळाच्या सुनेत्रानं शेजारच्या वेल्डहोवनचा हॉल घेतला होता. पन्नासेक बायका, मधे पाटावर खडूनं काढलेला हत्ती. चारुता नावाची कुणी नवीन आलीय, नवरा चिपच्या कंपनीत. खिरापतीच्या रांगेत तिनं मला इंग्रजीत विचारलं, कुठली तू? म्हटलं, कर्वेनगर.

ती लगेच मराठीत, "अय्या, किती छान मराठी बोलतेस गं!"

चाळीस वर्षं बोलतेय, बाई.

सुनेत्रानं सगळ्यांसमोर माझा हात वर केला. "ही आपल्यातली एकटी, जिला तिकडे मत आहे. आपली मुलगी निवडून आणणार आहे ही!" टाळ्या. आपली मुलगी. शाळेच्या भोंडल्यात माझा हात धरायला मुली का-कू करायच्या, बाई ओरडल्या की दोन बोटं धरायच्या. आज पन्नास जणींना माझा हात हवा होता. सुनेत्राचा राग नाही. ती मनानं चांगली आहे. पण घरी येईपर्यंत डोकं ठणकत होतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बसस्टॉपवर एक म्हातारे गृहस्थ, सुरिनामचे — डचांची जुनी वसाहत, तिथेही काळे आणि भारतीय मिसळलेले. मला त्यांच्यातलीच समजले — इथे सगळेच समजतात. हातातला पेपर माझ्यापुढे धरला, पहिल्या पानावर तिचा फोटो. म्हणाले, आता आपली पाळी, पोरी.

ऑफिसात मार्टाइन, "तू किती एक्साइटेड असशील!"

ईशानी संध्याकाळी डचमध्ये, "ममा, सगळ्यांना माहितेय तू कुणाला देणार."

सगळ्यांना माहीत आहे. मलाच बसून ठरवायचं आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

भरली. आतलं पाकीट, बाहेरचं पाकीट, सही, तारीख. घरात कुणी नव्हतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. पाकीट पोस्टात दिलं. काउंटरवरच्या मुलीनं वजन केलं, शिक्का मारला. संपलं.

आईचा पुण्याहून फोन. "पाठवलंस? बरं झालं. रेमंडला बरं वाटलं असतं." आईच्या तोंडून बाबांचं नाव किती वर्षांनी ऐकलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मेल. कौंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीकडून. माझ्या मताला आव्हान दिलंय. देणारी एक बाई, नाव ओळखीचं नाही. तिच्या यादीत परदेशातली शेकडो नावं. कारण सगळ्यांना एकच : सदर व्यक्ती सदर पत्त्यावर राहत नाही.

खरंच आहे. राहत नाही.

सुनावणी शुक्रवारी. त्या घरात मी राहत होते याचा पुरावा द्यायचा, नाहीतर मत बाजूला काढणार. माझ्याकडे काय आहे? वीजबिल बाबांच्या नावे. कॉलेजची पत्रं कुठे गेली कोण जाणे. सतरा वर्षं झाली.

पत्ता नीट बघावा म्हणून नकाशा उघडला, रस्त्याचे फोटो दिसतात तो. घर दिसलं. आणि व्हरांड्यात बाबा बसलेले. कितीतरी वर्षांपूर्वी गाडी फोटो काढत गेली असेल, तेव्हाचे. तोंड पुसट केलंय, नियमानं. पण ती पाय पुढे टाकून बसायची ढब, तो तपकिरी स्वेटर. घर दुसऱ्याचं झालं आणि बाबा अजून तिथे बसून आहेत. चेहरा नाही.

कॅन्टीनमधून उठून बाथरूममध्ये गेले. दहा मिनिटं नळ चालू ठेवला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज तिकडे मतदान. मी दिवसभर जुन्या बॅगा उपसल्या. काही नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

हरली.

साडेअकराच्या सुमाराला कळलं. मार्टाइन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, खांद्यावर हात ठेवून गेला. सुनेत्राचा मेसेज — रडणारे चेहरे आणि "तुझ्यासाठी खूप वाईट वाटतंय." दुपारपर्यंत असे चौदा मेसेज. घरात कुणी गेल्यासारखे. सगळ्यांना मी एकच उत्तर पाठवलं, थँक यू.

घरी श्रीनिवास म्हणाला, "शुक्रवारचं आता राहू दे. निकाल लागलाय. तुझ्या एका मतानं काय होणार?"

"काही नाही."

"मग?"

"मी तिथे राहत होते, श्री."

मग माळ्यावर चढून उरलेल्या दोन बॅगा काढल्या त्यानं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

नोव्हॅकना फोन लावला. बाबांच्या शेजारचं घर, आता एक्याऐंशीचे. बाबा आणि ते तीस वर्षं कुंपणावरून भांडले. राजकारणावरून, कुत्र्यावरून, पानं कुणाच्या झाडाची यावरून. बर्फ काढायचं फावडं मात्र दोघांत एकच. बाबांच्या अंत्यविधीला ते मागच्या रांगेत बसले आणि सगळ्यात शेवटी उठले.

त्यांच्या अंगणात यंदा कुणाच्या प्रचाराची पाटी आहे ते मला माहीत होतं. जिंकणाऱ्याची. तरी विचारलं, सुनावणीत माझ्यासाठी बोलाल का.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग, "किती वाजता?"

"दहा. तुमच्या सकाळचे."

"मला ते कॉम्प्युटरवरचं जमत नाही. मी स्वतः जातो."

"गाडी कोण चालवेल?"

"मी मेलेलो नाही," म्हणाले आणि ठेवून दिला.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मी आहे असं सांगणारं माणूस शोधत होते मी. आजीला जे मिळालं नाही ते मला एका फोनमध्ये मिळालं. समोरच्या खुर्चीकडे बघायची हिंमत झाली नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

इकडे दुपारचे चार. लॅपटॉप स्वयंपाकघरात. श्रीनिवास लवकर आला होता, ईशानीला पण बसायचं होतं. ती माझ्या मागे उभी राहिली, खुर्चीच्या पाठीला धरून.

स्क्रीनवर लांब टेबल, तीन माणसं, मागे झेंडा. आव्हान देणारी बाई आलीच नव्हती, तिचा वकील होता. तरुण, सभ्य. शपथ दिली. मी हात वर केला. वकील विचारू लागला.

"तुम्ही परत इथे राहायला येणार आहात का?"

"माहीत नाही."

"तुम्ही नेदरलँड्सच्या नागरिक आहात?"

"नाही."

"भारताच्या?"

"नाही. मला राष्ट्रीय मत द्यायला दुसरा देश नाही."

त्यानं काहीतरी लिहून घेतलं. मग नोव्हॅकना बोलावलं. ते पुढे आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही आधी, इतके वाळलेत. कोट घातला होता.

"मी तिला ओळखतो," ते म्हणाले. "सव्वीस नंबरच्या घरात राहायची, बापाबरोबर. तीन वर्षं. माझी बायको आजारी होती तेव्हा दोन हिवाळे तिनं माझ्या पायरीवरचा बर्फ काढला. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठून बघायचो तर पायरी साफ."

वकील म्हणाला, "सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, सर."

"मला एक्याऐंशी झाली. सतरा म्हणजे परवा." कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "माझ्या अंगणात पाटी आहे, मी कुणाला मत दिलं ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तिनं कुणाला दिलं ते मला माहीत नाही. विचारणारही नाही. पण दिलंय ना? मग मोजा."

खाली बसताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

ईशानीनं माझा खांदा घट्ट धरला होता. वळून बघितलं तर तिचे डोळे भरलेले. "आई," ती मराठीत म्हणाली, "हे आजोबा कोण आहेत?"

सांगितलं. नोव्हॅक, फावडं, बाबा, आजीचं कोर्ट, सगळं सांगितलं. इतकं सलग मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. तिनं मधे एकदाही फोन उचलला नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

मेल. आव्हान फेटाळलं. मत मोजणीत धरलं.

श्रीनिवासनं जिलेबी आणली. आई फोनवर रडली. सुनेत्रा फुलं घेऊन दारात, "हरलो तरी जिंकलो गं आपण." मार्टाइननं टीमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोव्हॅकना फोन केला. म्हणाले, "बरं. तुझा बाप आता मला छळायचा थांबेल."

मी विचारलं, छळतात?

"रोज. कुंपणापाशी."

मग त्यांनी फोन ठेवला.

तीन दिवस जेवण जात नाहीये. श्रीनिवासला वाटतं दगदग झाली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज वर्गात ईशानीची भाषणाची पाळी होती. विषय तिचा तिनं निवडला : माझ्या आईचं मत. बाईंनी दहापैकी साडेनऊ दिले. सायकलवरून घरी येताना तिनं विचारलं, मग तू तिलाच दिलंस ना? मी हो म्हणाले.

इथे तरी खरं लिहिते. खालच्या दोन चौकटी भरल्या होत्या. राष्ट्राध्यक्षाची मी कोरी सोडली. तत्त्व वगैरे काही नव्हतं. राग होता. माझं मत सगळ्यांनी माझ्या आधीच टाकून ठेवलं होतं, त्याचा. पेन हातात घेऊन तासभर बसले आणि पाकीट बंद केलं. सुनावणीत मला सगळं विचारलं, हे कुणी विचारलं नाही.

ईशानी वर तिच्या खोलीत आहे. जाऊन सांगायचंय. अजून उठलेले नाही.