गोळीने मारलेल्या बैठका

सातारा,
३ फेब्रुवारी १९९७

चि. सुमंत यास,

साताऱ्याहून अवधूतभाऊजींचे अनेक आशीर्वाद. तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ पोचला. (अर्धा तिळगूळ पाकिटालाच चिकटला होता, तो तुझ्या ताईने चमच्याने खरवडून काढला आणि मला न देता शेजारच्यांना दिला. का, ते पुढे कळेल.) ज्ञानदाचा खोकला आता कसा आहे? मयूरीला म्हणावं, दहावीचं वर्ष असलं तरी सकाळी वीस सूर्यनमस्कार घालूनच पुस्तक उघडायचं. तू स्वतः कसा आहेस हे विचारत नाही, कारण मिरजेच्या पार्सल ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याचं पोट कुठवर आलं असेल, ते मला इथूनही दिसतं. मी ठणठणीत आहे. हे वाक्य इथेच दोनदा वाचून ठेव, कारण पुढचं वाचताना तुला त्याची शंका येईल.

झालं असं, की गेल्या गणपतीत आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी रक्ततपासणीचं शिबिर भरवलं. सुई बघून बाकीचे मागे सरायला लागले, तेव्हा मी सगळ्यांत पुढे होऊन हात दिला. (तेहतीस वर्षं ड्रिल मास्तर होतो, रांगेत पहिला उभा राहायची सवय जात नाही.) पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव घालून निकाल वाटले. वाटायला उभा होता मानसिंग, म्हणजे माझ्या जागेवर आलेला हल्लीचा ड्रिल मास्तर. त्याला माईकवरून क्रीडास्पर्धांचे निकाल ओरडायची सवय, त्यामुळे त्याने कोलेस्टेरॉलसुद्धा त्याच आवाजात पुकारलं. कुणाला एकशे ऐंशी, कुणाला दोनशे दहा, आणि मग, अवधूत सर, तीनशे बारा. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उठलो, नमस्कार केला आणि दोन शब्द बोलावेत म्हणून माईककडे निघालो. तेवढ्यात डॉक्टर शंभूराजने माझी बाही ओढून कानात सांगितलं, की सर, खाली बसा, हा आकडा कमी असावा लागतो. मी त्याला विचारलं, की कमी आकड्याला बक्षीस देणारा हा कुठला खेळ? तो म्हणाला, शंभर मीटर धावणं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हा शंभूराज माझाच विद्यार्थी. हे लक्षात ठेव, सगळं घोडं इथेच पेंड खातंय. त्याने रोज जेवणानंतर घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि तुझ्या ताईला तेला-तुपाचं जरा बघायला सांगितलं. त्यातला ‘जरा’ तिने ऐकलाच नाही. शेंगदाण्याचं कूट कपाटात कुलपाआड गेलं आणि तुपाची बरणी देवघरात. आता आमच्या घरी तूप फक्त निरांजनाला मिळतं. आरतीला मी निरांजनाच्या इतका जवळ उभा राहतो, की म्हातारपणी माझी भक्ती वाढली असं तुझ्या ताईला वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात मांड्या दुखायला लागल्या. मग पोटऱ्या, मग दंड. आता तू म्हणशील, की घाबरलात का. अरे, मला आनंद झाला. ही दुखण्याची जात मला ओळखीची होती. पाचशे बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी अस्संच दुखतं, आणि इथे तर मी एकही मारली नव्हती. म्हणजे मी झोपलेला असताना ही गोळी माझ्या वतीने बैठका मारत होती! मी मनात शास्त्रसुद्धा मांडलं: चरबी आत घट्ट धरून बसलेली, गोळी तिला उपटून काढतेय, मग दुखणार नाही तर काय होईल? तेहतीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो, दुखतंय म्हणजे लागू पडतंय. सूर्यनमस्कार मी बंद केले, कारण एकाच दिवशी दोनदा व्यायाम चांगला नाही.

शंभूराजने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की या गोळीने काहींचे स्नायू दुखतात, तसं झालं तर लगेच येऊन सांगा. पुढच्या वेळी त्याने मुद्दाम विचारलंही, की सर, अंग, पाय काही दुखतात का. मी सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, मुळीच नाही. आता कसं सांगणार? हाच पोरगा आठवीत असताना पोटरी धरून माझ्यापुढे कळवळत उभा होता आणि मी त्याला आणखी वीस बैठका सांगितल्या होत्या. त्या त्याने मारल्या. आता त्याच्यासमोर मी पोटरी धरायची? आणि त्याच्याकडे नको तर जाणार कुणाकडे? या गावातला पस्तिशी-पन्नाशीचा प्रत्येक माणूस माझ्या शिट्टीवर उठला-बसलाय. साताऱ्यात मला लंगडायला जागाच उरलेली नाही.

रोज पहाटे आमची मंडळी अजिंक्यतारा चढते हे तुला माहीतच आहे. पुढे मी, मागे ते. दिवाळीपासून मी वाटेत थांबायला लागलो. एकदा बुटाची नाडी सुटली, एकदा यवतेश्वराकडचं धुकं बघायचं होतं, एकदा एका झाडाची साल तपासायची होती. नाड्या तरी किती वेळा सुटणार? शेवटी मी जाहीर केलं, की पुढाऱ्याने मागून यायचं असतं, म्हणजे कुणी गळत नाही. मंडळी वर गेली की मी पायथ्याशी कोंडीबाच्या टपरीवर बसायचो. नुसतं बसलं तर लोक विचारतात, म्हणून चहा घ्यायचो. नुसता चहा बरा दिसत नाही, म्हणून कांदाभजी. (एक प्लेट. क्वचित दोन.) कोंडीबा शाळेत कधी गेलेला नाही, त्यामुळे अख्ख्या गावात तेवढाच एक माझा विद्यार्थी नव्हे. एके दिवशी तो झारा खाली ठेवून म्हणाला, “आवं मास्तर, पाय दुखत आसतील तर बोला की. मी काय कुणाला सांगतोय व्हय?” सुमंत, खरं सांगतो, अगदी ओठावर आलं होतं. पण मी आणखी एक प्लेट मागवली.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर तीनशे दोन. शंभूराज कागद उलटासुलटा करून बघत राहिला. गोळी चालू, पथ्य चालू, रोज गड चढणं चालू, आणि आकडा जिथल्या तिथे! त्याने गोळी दुप्पट केली. दुखणं चौपट झालं. आमचा जिना उतरताना गुडघ्यात वाकलं, की मांड्या अशा किंचाळतात की काय सांगू. मग मला शोध लागला, की पाठमोरं उतरलं तर कमी दुखतं. तुझ्या ताईने पाहिलं तेव्हा मी सांगितलं, की हा जपानी व्यायाम आहे, याने पाठीचा कणा तरुण राहतो. दुसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या अंबूबाई उलट्या उतरताना दिसल्या. त्यानंतर त्यांचे यजमान, मग दोन्ही सुना. आज आमच्या बोळातली सात घरं रोज सकाळी जगाकडे पाठ करून जिना उतरतात आणि रस्त्यात एकमेकांवर आदळतात. मी बदली मागणार होतो, पण निवृत्त माणसाला बदली मिळत नाही.

आता मुख्य प्रकार. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की मुलांबरोबर दहा बैठका मारून कवायतीला सुरुवात करून द्यायची, हा माझा मान आहे. निवृत्तीनंतरही शाळेने तो चालू ठेवलाय. झेंडावंदन झालं. पाहुणे बसले. मी पुढे झालो, शिट्टी वाजवली, “एक” म्हणालो आणि खाली बसलो. माझ्याबरोबर सहाशे मुलं खाली बसली. आणि सुमंत, मला वर येता येईना. मांड्यांनी जागच्या जागी संप पुकारला. मी ‘दोन’ म्हटल्याशिवाय मुलं उठणार नाहीत (शिस्त माझीच), आणि मी उठल्याशिवाय ‘दोन’ म्हणू कसा? मानसिंग बसलेला, मुख्याध्यापक बसलेले, आणि मास्तर बसलेत म्हटल्यावर प्रमुख पाहुणेसुद्धा खुर्ची सोडून धोतर सावरत उकिडवे बसले. काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी त्याच अवस्थेत भाषण सुरू केलं. विषय: संयम. नऊ मिनिटं बोललो. पाणी, पाटबंधारे, सीमेवरचा जवान, सगळं संयमात बसवलं.

तेवढ्यात सहावीच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, “सर, पाय लय दुखत्यात.”

साक्षी तिचं नाव, नंतर कळलं. तेहतीस वर्षांत या वाक्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणखी वीस. त्या दिवशी ते तोंडातून आलंच नाही. ‘माझेपण’ असं म्हणायचं होतं, तेही आलं नाही. मी एवढंच म्हणालो, की बसा, सगळे मांडी घालून बसा. सहाशे मुलांनी एकदम हुश्श केलं. मग मुख्याध्यापकांना शाबासकी द्यायच्या निमित्ताने त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरून मी कसाबसा उभा राहिलो. (ते थोडे वाकडे झाले आहेत.) पाहुण्यांनी भाषणात या नव्या आसनाची फार स्तुती केली.

गेल्या चार-पाच दिवसांपासून मात्र जरा उतार आहे. मी इच्छाशक्ती वापरतोय. बाकी सर्व क्षेम. ज्ञानदाला आशीर्वाद, मयूरीला सूर्यनमस्कारांची आठवण.

तुझा,
अवधूतभाऊजी

ता. क. : सुमंत, मिरजेत दर दहा पावलांवर डॉक्टर आहे. त्यातल्या तुला न ओळखणाऱ्या एखाद्याकडे जा आणि हे सगळं दुखणं तुझंच आहे असं सांग. वय त्रेसष्ट सांग. (दोन दिवस दाढी करू नकोस, म्हणजे शोभेल.) गोळी कमी करता येते का, बदलता येते का, की बंद करून नुसत्या पथ्यावर भागतं, हे विचारून मला कळव. पत्ता शाळेचा घाल. तुझ्या ताईला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. क. २ : १९६१ साली तू आठवी ‘ब’मध्ये असताना पटांगणावर मला म्हणाला होतास, की सर, पाय दुखतात. मी तुला आणखी तीन चकरा मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी तुला टायफॉइड निघाला. मी बघायला आलो, तर तुझ्या ताईने दारातच अडवून विचारलं होतं, “पोराचे पाय दुखतात, तर तुम्हाला ऐकता येत नाही?” मी तसाच परत गेलो आणि वर्षाने तिला मागणी घालायला आलो. पण त्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. तुझे पाय खरंच दुखत होते रे. मला ते आत्ता कळलं. चुकलं माझं.

ता. क. ३ : पोस्टाची पेटी उताराच्या टोकाला आहे आणि इतक्या लांब मला पाठमोरं जाववत नाही. म्हणून पाकीट खळीने पक्कं चिकटवून टाकायला तुझ्या ताईकडेच देत आहे. काळजी नसावी.

चि. सुमंत, आशीर्वाद. खळ भाताच्या वाफेवर सुटते.

तू कुठल्या डॉक्टरकडे जाऊ नकोस आणि दाढी कर. २७ तारखेलाच मी शंभूराजकडे जाऊन आले. तो मला रागावला, की आधी का नाही आलात. ती गोळी त्याने बंद केली आहे. स्नायूंसाठी रक्त तपासायचं आहे, ते मी साखर बघायची म्हणून उद्या काढवून घेते. पंधरा दिवसांनी पुन्हा बघून दुसरी, कमी ताकदीची गोळी देणार आहे. तोवर डबीत मी त्याच रंगाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरून ठेवल्यात. इच्छाशक्ती म्हणतात ती तीच. जपानी व्यायामाचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मुकाट राहिले, कारण पाय दुखतात हे त्यांनी एकदा आपल्या तोंडाने म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. तोंडाने नाही तर नाही, कागदावर तरी आलं. दारात विचारलं होतं त्याला छत्तीस वर्षं झाली. वाचून थोडं रडू आलं. हे पत्र जपून ठेव.

मला सगळं माहीत होतं. फक्त कोंडीबाच्या भज्यांचं माहीत नव्हतं. पत्र पेटीत टाकते आणि तशीच पुढे टपरीवर जाते.

तुझी,
गोदाताई