चौघांचा बाप होण्याची तयारी

१४ ऑक्टोबर, सोमवार
महाडला सोनोग्राफी. जुळं आहे. डॉक्टर मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दोन्ही दाखवली. गौतमी रडायला लागली. आनंदाश्रू. मी मॅडमना म्हटलं, काळजी नको, आम्हाला दोघांचा अनुभव आहे. त्या म्हणाल्या, एकेकाचा आहे. शब्दांचा खेळ.

परतीच्या एसटीत आमचा सार्थक तिच्या मांडीवर झोपला. गौतमी पोलादपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, मला तिसरंच झेपेल की नाही कळत नव्हतं. थकली होती. मी तिला सांगितलं, मी आहे ना.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
कंपनीत मी सेफ्टी कमिटीवर आहे. आग, गॅसगळती, सगळ्याचे प्लॅन तयार असतात. घर म्हणजे काय, दोन खोल्या. आजपासून रोज नोंद ठेवणार. टेन्शन अजिबात नाही. झोप लागली नाही, पण ते कॅन्टीनच्या चहामुळे.

दिशाला सांगितलं. पहिलीत आहे, पण समज मोठ्या माणसाची. तिनं विचारलं, ती दोघं झोपणार कुठं? मुद्दा बरोबर.

२७ ऑक्टोबर, रविवार
उपाय सापडला. लोखंडी डबलडेकर पलंग. वर दिशा, खाली सार्थक, आमच्याजवळ दोन बाळं. बिरवाडीच्या वेल्डरला माप दिलं. गौतमी म्हणाली, सार्थक अजून तीन वर्षांचा नाही, तो माझ्या कुशीशिवाय झोपत नाही. म्हटलं, सवयीचा प्रश्न आहे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
गौतमीचा भाऊ ऋत्विक पाचाडहून आला. गडावर जाणाऱ्या लोकांसाठी त्याची आणि सासूबाईंची छोटी खानावळ आहे. म्हणाला, सातव्या महिन्यात ताईला आणि पोरांना आमच्याकडे पाठवा, आई बघेल. गौतमी माझ्याकडे बघत होती. मी स्पष्ट सांगितलं, पहिल्या खेपेला माहेर ठीक आहे, आता आमचं आम्ही मॅनेज करू. ऋत्विक चपला घालायला उठला. पटलं असावं.

१० नोव्हेंबर, रविवार
पलंग आला. दारातून आत जात नाही. वेल्डर म्हणतो, तुम्ही दिलेल्या मापानंच केला. सध्या गॅलरीत उभा आहे. त्यावर कपडे वाळतात. तशी सोय झाली.

१ डिसेंबर, रविवार
निश्चय. उद्यापासून पहाटे उठून पाणी भरणं, दिशाचा डबा, सार्थकची आंघोळ माझ्याकडे. गौतमीला सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

२ डिसेंबर
सेकंड शिफ्टनंतर उशीर झाला. उद्यापासून.

५ डिसेंबर
डबा केला. दिशानं तसाच परत आणला. बाईंनी तिला स्वतःच्या डब्यातली चपाती दिली म्हणे. बाई चांगल्या आहेत.

३१ डिसेंबर, मंगळवार
सार्थकचा डायपर आजपासून कायमचा बंद. नव्या वर्षात एकदम तीन डायपरवाली मुलं परवडायची नाहीत.

१ जानेवारी
नवीन गादी उन्हात टाकली. डायपर आणला. मुळात थंडीत हे सुरू करणंच चूक होतं. उन्हाळ्यात बघू.

१२ जानेवारी, रविवार
गौतमीच्या पायांवर सूज. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. रक्त कमी आहे. मॅडम म्हणाल्या, आराम, आणि मुलाला उचलायचं नाही. आराम म्हणजे नेमकं काय करायचं, हे गौतमीनं मला विचारलं. मी म्हटलं, आराम म्हणजे आराम.

सार्थकला उचललं नाही की तो जमिनीवर लोळण घेतो. म्हणून आता तीच जमिनीवर बसते आणि तो मांडीवर चढतो. मग तिला उठता येत नाही. शेजारची रूपाली येऊन उठवते. रूपाली आमच्या भिंतीला भिंत लावून राहते, ब्लाउज शिवते. फार मध्ये मध्ये येते असं माझं मत आहे.

१९ जानेवारी, रविवार
गावाहून आई आली होती. चार दिवस राहिली तर घर वेगळंच दिसायला लागलं. आज गौतमीला म्हणत होती, "दोघांचं पोट हाय गो, अशी सारखी उभी नको ऱ्हाऊस." मला बाजूला घेऊन म्हणाली, मी थांबते, दादा बघतील म्हशींचं. दादा म्हणजे माझे वडील. मी म्हटलं, काही गरज नाही, दादांचे गुडघे दुखतात, तू जा. दुपारच्या गाडीनं गेली. गौतमी आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
आज मॉक ड्रिल घेतलं. बॅगेत डॉक्टरांची फाइल, रक्ताचे रिपोर्ट, कपडे, टॉवेल. शिट्टी वाजली की दिशानं सार्थकचा हात धरायचा, गौतमीनं चप्पल घालून दारात यायचं, मी बॅग घेणार. शिट्टी वाजवली. सार्थक रडला. दिशा त्याला घेऊन गॅलरीतल्या पलंगाखाली गेली, कारण शाळेत भूकंपाचं तसं शिकवलंय. गौतमी जागची हलली नाही. म्हणाली, कळा येतील तेव्हा येईन दारात. एकूण ड्रिल समाधानकारक.

बॅग मोटरसायकलच्या साइड बॉक्समध्ये ठेवली. घरात ठेवली तर आयत्या वेळी विसरते.

२ मार्च, रविवार
मॅडम आज गंभीर होत्या. जुळं वेळेआधी येऊ शकतं. एक बाळ लहान आहे, वाढ मागे आहे. महाडपासून लांब जाऊ नका. मी म्हटलं, पोलादपूर म्हणजे जवळच. त्यांनी गौतमीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

घरी आल्यावर गौतमी म्हणाली, "या महिन्यात तुम्ही कुठं जाऊ नका. मी दुसरं काही मागत नाही." तिचा हात थंड होता. मी शब्द दिला. अशा बाबतीत मी पक्का आहे.

११ मार्च, मंगळवार
बाजाराच्या गावाहून दादांचा फोन. शिमग्याला पालखी या वर्षी पहिली आपल्या दारात येणार. खांदा द्यायला घरचा माणूस पाहिजे, माझे गुडघे नाय चालत. मी सांगितलं, बघतो.

बघतो म्हणजे येतो असं नाही.

१४ मार्च, शुक्रवार, दुपार
विचार केला. गाव म्हणजे काही परदेश नाही. घाट चढला की आलं. खांदा देऊन अंधार पडायच्या आत परत. गौतमी कालपासून बरी आहे, फक्त कंबर दुखते. तिला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. काही बोलली नाही. नाही म्हणाली नाही, याचा अर्थ हो. रूपालीला लक्ष ठेवायला सांगितलं. निघतो.

१५ मार्च, शनिवार
महाड. हॉस्पिटलच्या बाकावर.

काल संध्याकाळी निघणारच होतो. पालखी रंगात आली होती. चुलते म्हणाले, एक फेरी अजून. मग म्हणाले, अंधारात घाट नको. वर रेंज नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे लक्षात होतं, पण एका रात्रीत काय होणार, असं वाटलं. सकाळी घाट उतरताना वळणावर रेंज आली आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. सगळे रूपालीचे.

काल दिवेलागणीलाच गौतमीचं पाणी गेलं होतं. रूपालीनं स्टँडवरून इको गाडी आणली, दोन्ही पोरांना पुढं बसवलं आणि गौतमीला घेऊन महाड गाठलं. इथं फाइल मागितली. रक्तगट, रिपोर्ट, सगळं फाइलमध्ये. फाइल बॅगेत. बॅग माझ्या मोटरसायकलला. ती वर, गावात, आमच्या अंगणात, पालखीच्या बाजूला उभी होती. इथं सगळ्या तपासण्या नव्यानं कराव्या लागल्या. तेवढा वेळ गेला. मग सिझर. सही गौतमीनं स्वतः केली.

दोन मुली. मोठी रडली. धाकटी रडली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलंय. तळहाताएवढी आहे. मी बॅग दाखवली तर नर्स म्हणाली, आता असू द्या.

रूपालीनं डबा पुढं केला आणि घरी गेली. दिशा बाकावर सार्थकला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "पप्पा, आई गाडीत तुमचं नाव घेत होती. मग घ्यायचं बंद केलं."

काळजीचं कारण नाही. अशा केसेस होतात.

१६ मार्च, रविवार
धाकटीला श्वास जमत नाही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. अँब्युलन्सबरोबर मी. निघताना गौतमीजवळ गेलो. मी सगळं व्यवस्थित बघतो, असं म्हणणार होतो. ती म्हणाली, "तिच्याजवळून उठू नका." एवढंच. मी हो म्हटलं. ती डोळे मिटून होती. ऐकलं की नाही, माहीत नाही.

ऋत्विक दिशाला आणि सार्थकला पाचाडला घेऊन गेला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी परवानगी दिलीच असती.

१९ मार्च
धाकटी व्हेंटिलेटरवर. दिवसातून थोडा वेळच काचेतून बघू देतात. बाकी वेळ बाहेरच्या हॉलमध्ये. इथं इमर्जन्सी एक्झिटसमोर खुर्च्या ठेवल्या आहेत, ते मी वॉचमनला दाखवून दिलं. त्यानं मला त्यातल्याच एका खुर्चीवर बसवलं.

२३ मार्च
डॉक्टर म्हणाले, वाट बघू. म्हणजे चांगलंच लक्षण. वाईट असतं तर स्पष्ट सांगितलं असतं.

शेजारच्या खुर्चीवर माणगावकडचा एक जण असतो. त्याचा मुलगा आत आहे. आम्ही चहा वाटून घेतो. तो जास्त बोलत नाही, मी बोलतो.

२६ मार्च
माणगाववाला आज आला नाही. त्याची पिशवीही नाही. घरी सोडलं असेल. मी कोणाला विचारलं नाही.

दिवसभर खुर्चीवरून उठलो नाही.

२ एप्रिल
नळी काढली. स्वतःचा श्वास घेते. गौतमीला पाचाडला फोन केला. बराच वेळ पलीकडून फक्त मोठीचं रडणं ऐकू येत होतं. मग गौतमी म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, अजून एकदा.

२० एप्रिल, रविवार
डिस्चार्ज. धाकटीला घेऊन थेट पोलादपूरला जायचं माझं नियोजन होतं. घर धुऊन घेतलं होतं, आईलाही बोलावून ठेवलं होतं. गौतमी फोनवर म्हणाली, पाचाडला आणा. किती दिवस, असं विचारलं. म्हणाली, दिशाची शाळा इथंच बघतोय. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला समजूत घालता आली असती.

धाकटीला तिच्या हातात दिलं. तिनं दार लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर मला ताट वाढलं. पाहुण्यासारखं.

२८ एप्रिल
रजा संपली. कामावर हजर. सगळ्यांनी अभिनंदन केलं. घरी फार शांतता आहे. आई म्हणाली, "मी तुला थांबते म्हणलेली, आठवतं का रे?" मी म्हटलं, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. ती गावाला गेली.

निश्चय. पुढच्या रविवारी गौतमीशी शांतपणे बोलायचं. मुद्दे काढले आहेत. तीन महिन्यांत मोठी खोली, आई इथं राहायला, माझी शिफ्ट बदलून. ती नक्की तयार होईल.

४ मे, रविवार
पाचाड. सुट्टीची गर्दी. खानावळीत बसायला जागा नव्हती. ऋत्विक आणि सासूबाई वाढण्यात, गौतमी मागच्या घरात भाकऱ्या थापत होती. मी मुद्दे काढायला गेलो तर म्हणाली, गिऱ्हाईक आहे, नंतर.

सार्थक मला बघून सासूबाईंच्या पदराआड गेला. दिशा दोन पाळण्यांच्या मधे उभी राहून दोऱ्या ओढत होती. मी वाकून एकीला उचललं. म्हटलं, ही आमची धाकटी, मुंबईत काचेतून एवढे दिवस बघितली, मी डोळे मिटून ओळखीन. दिशा म्हणाली, ती मोठी आहे. मी पाळण्यातल्या दुसरीकडे बघितलं. मला दोघी सारख्याच दिसल्या.

मोठीला ठेवून धाकटीला घेतलं. उभ्यानंच होतो. गौतमी पिठाच्या हातांनी दारात आली. मला वाटलं, आता काढून घेणार. म्हणाली, "उभ्यानं नको. बसून घ्या."

खाली बसलो. भिंतीला टेकून, मांडी घालून. ती थोडा वेळ बघत राहिली, मग भाकरीकडे गेली.

धाकटी झोपली. तिच्या छातीवर नजर ठेवून होतो. वर, खाली. मुद्दे एकेक करून विसरलो. बाहेर पानावर पान उठत होतं. महाडची शेवटची गाडी गेल्याचा हॉर्न ऐकू आला. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. दिशाला हाक मारली. ती म्हणाली, थांबा पप्पा, मी मोठीला झोपवतेय. गौतमीला हाक मारली. ती म्हणाली, हात पिठात आहेत.

घ्यायला कोणी मोकळं नव्हतं.