ताई हात लावू नकोस

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. (डोक्यावर केस उरले नसले तरी आशीर्वाद डोक्यावरच ठेवायचे असतात, तेव्हा जागा करून ठेव.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोच्या पाठदुखीला उतार पडला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात फोनवर तू म्हणालास, की आता तिकडे कोण येतंय, माडीवरच्या माझ्या खोलीतलं सगळं भंगारवाल्याला देऊन टाक. मी ‘बरं’ म्हणाले होते. त्याबद्दल पुढे लिहिते, आधी प्रिंटरचं सांगू दे. हे पत्र खरं तर छापील यायचं होतं, कारण माझं अक्षर हल्ली माझं मलाच लागत नाही.

झालं असं, की भाचीनं नवा राउटर बसवून दिला आणि सांगितलं की घरातल्या प्रत्येक यंत्राला हा एकेक नंबर देतो. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला आणखी काय हवं? मी लगेच वही काढली, समास आखला आणि घराची डिरेक्टरी लिहून टाकली: प्रिंटर, टीव्ही, माझा फोन, भाचीनं दिलेला जुना लॅपटॉप. नावं निळ्या शाईनं, नंबर लाल. दुसऱ्या दिवशी तासभर वीज गेली, आणि परत आल्यावर राउटरनं सगळे नंबर नव्यानं वाटले. मी आपली विश्वासानं प्रिंटरच्या नंबरावर पत्र पाठवतेय, आणि तो नंबर जाऊन बसलाय टीव्हीकडे. तीनदा पाठवलं. टीव्ही बिचारा काय छापणार? आमच्या एक्स्चेंजमध्ये वीज गेली म्हणून डॉक्टरचा नंबर कधी शिंप्याकडे गेला नाही. चार वेळा वहीत खाडाखोड केली, पाचव्या वेळी भाचीला फोन लावून तिची चांगली कानउघाडणी केली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, वही मिट. त्यांची ओळख त्यांनाच देऊ दे.”

या सोयीला डिस्कव्हरी म्हणतात. ती चालू केली की प्रत्येक यंत्र घरभर हाळी देतं: मी अमुक, मी इथे आहे, मला हे काम येतं. नंबर कोणी लक्षात ठेवायचाच नाही. मला हे मुळीच पटलं नाही. मधे ऑपरेटर नाही, कोण बोलतंय हे विचारणारं कोणी नाही, आणि सगळे आपसात बोलणार! (लोक थेट नंबर फिरवायला लागले तेव्हा बोर्डासमोरची माझी खुर्ची अशीच गेली होती, हे तू विसरला नसशील.) पण मग आपली आई आठवली. कडी वाजली की ती स्वयंपाकघरातूनच ‘कोण?’ म्हणायची, आणि आपण तिघंही भावंडं नुसतं ‘मी’ म्हणायचो. कोणता मी, हे तिनं कधी विचारलं नाही. पण ज्याला कमी साखरेचा चहा लागायचा त्याला तोच मिळायचा. जन्मभर लोकांना पूर्ण नाव आणि नंबर विचारत आलेली मी, मुकाट्यानं ती सोय चालू केली.

यादी उमटायला लागली. प्रिंटरनं कैद्यासारखं आकड्यांचं लांबलचक नाव सांगितलं. टीव्ही म्हणाला, दिवाणखाना. मग माझा फोन, मग लॅपटॉप. माझ्या वहीप्रमाणे यादी इथे संपायला हवी होती. तर खाली पाचवं नाव आलं: ‘ताई हात लावू नकोस’.

तुझ्या खोलीतली ती गाणी साठवायची काळी पेटी रे. हिचं बटण बंद करू नकोस, असं तू जाताना बजावलं होतंस, आणि मी नऊ वर्षं तिच्या आजूबाजूची धूळ पुसतेय. (तिची वायर जिन्यावरून खाली येते, भाचीनं ती न विचारताच नव्या राउटरमध्ये खोचली असणार.) पण तिचं नाव तू हे ठेवलंयस, हे मला आत्ता कळलं. दहा वर्षांचा असताना रेडिओच्या सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यावर तू खडूनं हेच लिहिलं होतंस. आता सांगूनच टाकते, मी तेव्हा हात लावला होता. त्या डब्यात एके दिवशी निघालेला इअरफोन आपोआप आला नव्हता. नोकरीला लागल्यावर मी तो टाकाऊ सामानातून साहेबांकडे मागून आणला होता. तू आठवडाभर तो कानाला लावून जेवायला बसायचास, आणि आई काही विचारायची ते तुला ऐकूच जायचं नाही. मला ते दिवस फार आठवतात, आणि हल्ली जरा जास्तच.

तर खोलीचं. तुला ‘बरं’ म्हणाले खरी, पण मला ते अजिबात बरं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या बोलण्यात ऑपरेटरनं मत द्यायचं नसतं, ही जुनी सवय नडली. आता मत देते. जी वस्तू नऊ वर्षं ‘मी आहे’ म्हणून सांगतेय, ती मी भंगारात घालणार नाही. बाकी प्रिंटर अजून हटून बसलाय, आणि तो माझ्याच्यानं काही दुरुस्त होणार नाही. दोन दिवस येऊन तेवढा बघून जा.

तुझी,
ताई

ता.क. भंगारवाला शनिवारी येऊन गेला. लाइन चालू आहे, मधेच तोडता येत नाही, असं सांगून मी त्याला परत पाठवलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तोही ‘बरं’ म्हणाला.

आणखी एक ता.क. प्रिंटर मंगळवारपासून उत्तम चालतोय. त्याच्यासाठी येऊ नकोस. तारीख, गाडी, काही कळवूही नकोस. कडी वाजव. मी आतून ‘कोण?’ म्हणेन, तू नुसतं ‘मी’ म्हण.